तोफेवरचं नाव

साचा ओला राहिला तर काय होतं, हे धाकटीला कोणी शिकवलं नाही. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. भट्टीचं तोंड फोडलं, तांब्याचा लालभडक रस खड्ड्यात पुरलेल्या साच्यात उतरला, आणि जमिनीखालून कोणी लाथ मारावी तसा सगळाच्या सगळा उलटा उडाला. काठावर तिचा नवरा उभा होता. तो ओरडला नाही, कारण ओरडायला तोंड उरलं नव्हतं. त्याच्या शेजारचे दोन मजूर मात्र संध्याकाळपर्यंत ओरडत होते. आतल्या मातीत थोडी ओल राहिली होती, एवढंच.

दुसरी कोणी असती तर माहेरी निघून गेली असती. ही सकाळी उठून खड्ड्यात उतरली आणि साच्याचे तुकडे वेचायला लागली. थोरल्या दिरांनी वरून हटकलं, "धाकटे, काय करतेस तिथं?"

"ओल कुठं होती ते बघतेय, भाऊजी."

थोरल्यांनी तिला तेव्हाच हाकलायला हवी होती, पण ओल कुठं होती हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि न कळणारी गोष्ट दुसऱ्याकडून फुकटात कळत असेल तर थोरले कधी नाही म्हणत नसत. सासऱ्यांच्या मागे कारखाना त्यांच्या हाती आला होता, सोबत मिशीही आली होती. बोलणं गोड, चालणं ऐटदार. तोफेवर पानंफुलं नि सिंह कोरावेत ते त्यांनीच. त्या कामात त्यांचा हात खरोखर देखणा होता, उगाच कशाला खोटं बोला. पण कोरायला आधी तोफ लागते, आणि ती नीट ओतावी लागते. तिथं थोरल्यांची बोंब होती.

त्या शहराच्या तोफा तोवर शत्रूपेक्षा आपलीच माणसं जास्त मारायच्या. तोफ डागणाऱ्या गोलंदाजाला मुलगी द्यायची म्हणजे लोक दहादा विचार करत. बत्ती दिली की तोंडाकडचा भाग फुटायचा आणि ज्याच्या नशिबात असेल त्याचं पोट फाडून जायचा. सगळे तोफेच्या दारूला शिव्या घालत. धाकटीनं फुटलेले तुकडे गोळा केले, घासले, फोडले, आणि तिला दिसलं की धातू तोंडाशी भुसभुशीत असतो, शिळ्या पावासारखा भोकाभोकांचा. तोफ उभी ओतायची, बूड खाली आणि तोंड वर. रसातली राख, फेस, हवा सगळं वर येऊन बसतं. म्हणजे नेमकं तोंडच कुजकं.

"मग तोंडाच्याही वर आणखी हातभर ओता," ती म्हणाली. "घाण त्यात जाऊ दे. गार झाल्यावर तेवढं कापून टाका."

त्या जादा भागाला ती डोकं म्हणायची. मजूर खदाखदा हसले. आधी तोफेला डोकं लावायचं आणि मग छाटायचं, बाईनं जल्लादाचं दुकान काढलंय, असं म्हणाले. पण डोकं छाटलेली तोफ फुटेना. दुसरीही फुटेना. साचा आतून मंद आचेवर वाळवायचा कसा, तेही तिनंच बसवलं. या सगळ्यात तिच्या भुवया जळाल्या त्या परत आल्या नाहीत, आणि एका कानानं ऐकू येईनासं झालं. पण त्या कारखान्याच्या तोफेनं पुन्हा आपला माणूस मारला नाही.

आता नावाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यापायी झालं. तोफ ज्यानं ओतली त्याचं नाव बुडाशी ठसठशीत कोरत. आणि रिवाज असा होता की पहिला बार उडवताना, नाव असलेल्या माणसानं त्या तोफेवर मांड टाकून बसायचं. खोट असली तर ज्याची त्यानं भोगायची. रिवाज म्हणून वाईट नव्हता. पूर्वी त्या दिवशी भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. थोरले मात्र घोड्यावर बसावं तसे बसायचे, मिशीला पीळ भरायचे, बार उडाला की टोपी उंचावून दाखवायचे. लोक म्हणायचे, छाती असावी तर अशी. अरे, छाती कसली? ती तोफ धाकटीनं ओतलीय हे त्या गड्याला पक्कं ठाऊक असायचं!

एकदा जेवताना तिनं विचारलं होतं. "भाऊजी, एका तोफेवर माझं नाव घाला ना."

"तुझं? आणि वर बसणार कोण, तू? पाय तरी पुरतील का?"

सगळं घर हसलं. जाऊबाईही हसल्या आणि मग एकदम थांबल्या. थोरल्यांची बायको त्या. पण या घरात धाकटीला जवळचं असं तेवढंच एक माणूस होतं. धाकटीच्या अंगावरचे चटके त्या बघायच्या, त्यावर तूप लावायच्या, आणि नवऱ्याच्या नकळत म्हणायच्या, "मला माहितीय गं. मला सगळं माहितीय." धाकटीला तेवढ्यावर वर्षानुवर्षं दिवस ढकलता आले. पण नाव हवंच होतं. तिला मूल नव्हतं, नवरा नव्हता, तिच्या मागं राहणार होत्या त्या फक्त तोफा, आणि त्यांच्यावर दुसऱ्याचं नाव होतं. हे तिला रोज नव्यानं लागायचं.

मग शहराला वेढा पडला.

समोरच्या टेकडीवर शत्रूनं अशी एक तोफ चढवली की तिचे गोळे थेट बाजारात पडायला लागले. पाणी भरणाऱ्या बायांची रांगच्या रांग एका गोळ्यानं कापून काढली. गाढवं, हंडे, माणसं, सगळ्याचा एकच चिखल झाला. तोफखान्याचा दारोगा कारखान्यात आला तेव्हा त्याच्या बुटांना तो चिखल होता.

"उस्ताद," तो थोरल्यांना म्हणाला, "टेकडीपर्यंत पोचेल एवढ्या लांब नळीची तोफ हवी. आणि लगेच हवी."

लोकांनी घरातली भांडी आणून टाकली, दारांच्या कड्या काढून दिल्या. तरी धातू पुरेना. धाकटी म्हणाली, "आहे त्यात आखूड तोफ होईल. चांगली होईल." थोरल्यांनी दारोग्यासमोर मान डोलावली आणि म्हणाले, "लांबच देतो."

ओतायच्या दिवशी ती साच्यावर शेवटचा हात फिरवायला खड्ड्यात उतरली. तोंडाची नक्षीदार कडी, म्हणजे जिथं तोफ संपते ती, डोक्याच्या खाली असायला हवी होती. ती होती सगळ्यात वर. थोरल्यांनी तिच्या मागं साचा बदलला होता. डोकं कापायचंच नव्हतं. तेच नळीत धरून तोफ लांब करायची होती. म्हणजे सगळी राख, सगळा फेस, सगळी हवा तोफेच्या तोंडात राहणार होती.

ती वर आली आणि भट्टीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"ओतू देणार नाही."

"सर बाजूला."

"भाऊजी, माणसं मरतील. तुम्हाला माहितीय मरतील."

"रस थंड होतोय, धाकटे!"

"होऊ दे थंड!"

भट्टी फोडायची पहार थोरल्यांच्या हातातच होती. त्यांनी ती फिरवली. धाकटीनं डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि कोपराखाली काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती पडली तशी त्यांनी तिला केसांना धरून बाजूला ओढलं, एक लाथ बरगडीत घातली, आणि त्याच पहारेनं भट्टीचं तोंड फोडलं. रस वाहायला लागला. मजुरांपैकी एकही पुढं आला नाही. जमिनीवर पडल्या पडल्या धाकटीला तो लाल ओघळ दिसत होता, आणि रस अगदी छान तापलाय, असं तिच्या मनात आलं. स्वतःच्या त्या विचाराचाच तिला संताप आला.

तापात ती किती दिवस पडून होती, तिला कळलं नाही. जाऊबाईंनी हाताला दोन फळ्या बांधल्या, तोंडात पेज घातली, केस विंचरले. "राक्षस आहे मेला," असं नवऱ्याच्या मागं म्हणत रडल्याही. बाहेर गोळे पडत होते आणि भिंतीचा चुना अंथरुणावर गळत होता.

एक दिवस थोरले दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"तोफ झाली," ते म्हणाले. "दारोग्याशी बोललो मी. या खेपेला नाव तुझं घातलंय."

धाकटीला आधी वाटलं, ताप चढलाय. मग ती उठून बसली. जाऊबाईंनी टाळीच वाजवली. धाकटी रडायला लागली. मोडलेला हात विसरली, लाथ विसरली, सगळं विसरली. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की ती हातात पडताना तो मागचंपुढचं बघत नाही, आणि मी तिला बोल लावणार नाही.

ती तशीच कारखान्यात गेली. तोफ गाड्यावर चढवली होती, पिवळीधमक, लांबलचक, थोरल्यांच्या नक्षीनं मढवलेली. बुडाशी तिचं नाव होतं. थोरल्यांनी ते मन लावून कोरलं होतं, एकेक अक्षर गोल गरगरीत. तिनं डाव्या हाताचं बोट सगळ्या अक्षरांमधून फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग तोंडाकडे गेली, एक हातोडी उचलली आणि हळूच ठोकून पाहिली. चांगला धातू बराच वेळ गुणगुणतो. हा भद्द करून गप्प झाला.

नाव का मिळालं ते तिला तेव्हा कळलं. नाव असेल त्यानं वर बसायचं.

तोवर बैल जुंपले होते. तटाच्या आतल्या मैदानात सगळा तोफखाना जमला होता, मागं शहरातले लोक, जाऊबाई त्यांच्यात. धाकटी थेट दारोग्याकडे गेली.

"ही तोफ फुटेल. उडवू नका."

दारोगा चमकला. "तुझी तोफ, आणि तूच म्हणतेस फुटेल?"

"ही मी ओतलेली नाही."

थोरले हसले. "पहिल्यांदा बसायचंय ना, पोरीची गाळण उडाली. साहेब, एवढी वर्षं घरात भुणभुण होती, तोफा मीच ओतते म्हणून. म्हटलं, एकदाचं घाल नाव. आता बघा."

गोलंदाज फिदीफिदी हसले. दारोगा तिच्याकडे बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याची माणसं रोज मरत होती आणि त्याला असल्या घरगुती तंट्यात रस नव्हता.

"तुझी नसेल तर तसं सांग," तो म्हणाला. "उस्ताद म्हणतात ते खरं, तुला ओतकाम येत नाही, एवढं कबूल कर. सांग, आणि जा घरी."

नाही म्हटलं असतं तर जीव वाचत होता. पण मग आजवरची एकही तोफ तिची नव्हती, हे तिनंच भर मैदानात कबूल केल्यासारखं झालं असतं. थोरल्यांनी फास मोठा सफाईनं टाकला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्या रागात तिला सुचलं.

"बसते," ती म्हणाली. "पण बसणाऱ्याचा हुकूम चालतो ना इथं? तोंडासमोर आणि तोंडाच्या बाजूंना कोणी उभं राहायचं नाही. आणि बत्ती भाऊजींनी द्यायची."

दारोग्यानं मान डोलावली. तेही रिवाजातलंच होतं. थोरल्यांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

एका हातानं तिला चढता येईना, तेव्हा दोन गोलंदाजांनी उचलून वर बसवलं. ती अगदी मागं सरकली, बुडावर, स्वतःच्या नावावर. बुडाशी धातू सगळ्यात घट्ट असतो. फुटेल ते तोंडाकडे, इतकं तिला ठाऊक होतं. वाचेन, असं तिला निम्मंअर्धं वाटत होतं. पण ती बसली होती ती मरायला नव्हे. थोरल्यांचं तोंड उघडवायला बसली होती. हा माणूस बत्ती देणार नाही, जीव त्याला फार प्यारा आहे, याची तिला खात्री होती.

थोरले पेटती बत्ती घेऊन आले. तोफेच्या कानाशी, म्हणजे बत्ती लावायच्या भोकाशी, उभे राहून ते पुटपुटले, "उतर ना गं, धाकटे."

"सांगा मग. मोठ्यानं सांगा, आजवरच्या तोफा कोणी ओतल्या ते. लगेच उतरते."

"तू ओतल्यास. सगळ्या तूच. झालं? उतर."

"मला नका सांगू. मला माहितीय. त्यांना सांगा."

थोरल्यांनी मान वळवून मैदानाकडे पाहिलं. दारोगा होता, गोलंदाज होते, सगळं शहर होतं. सगळे त्यांच्याकडे त्याच जुन्या कौतुकानं बघत होते. त्यांचे ओठ हलले. तेवढं एक वाक्य होतं, लहान पोरानंही म्हटलं असतं. थोरल्यांना ते म्हणता आलं नाही.

त्यांनी डोळे मिटले आणि बत्ती कानाला लावली.

लावली आणि पळाले. आयुष्यभर वर बसून टोपी हलवलेला माणूस. बत्ती दिल्यावर कुठं पळायचं हे त्याला कधी शिकावं लागलं नव्हतं. समोर मातीचा बांध होता, तोंडाच्या अंगाला. ते तिकडे धावले. धाकटी जीव खाऊन ओरडली, "भाऊजी, इकडे! मागं या, माझ्याकडे या!" त्यांनी ऐकलं. तिनं पाहिलं, त्यांनी वळून बघितलंसुद्धा. पण धाकटीचं ऐकायचं नाही, ही सवय त्यांना इतक्या वर्षांची होती. ते धावतच राहिले.

तोफ फुटली. नक्षीदार कडीपासून हातभर नळी उभी चिरली आणि तिचे तुकडे पंख्यासारखे सुटले. एकानं बैलाचं डोकं नेलं. एक थोरल्यांच्या पाठीतून शिरून छातीतून बाहेर आला आणि त्यांना घेऊनच बांधावर आदळला. धाकटी धक्क्यानं खाली फेकली गेली, मोडका हात पुन्हा मोडला, धड कानातून रक्त आलं. धूर विरळ झाला तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते बूड, जसंच्या तसं, आणि त्यावर तिचं नाव.

मग तिला जाऊबाई दिसल्या. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या छातीतलं भोक दोन्ही हातांनी बुजवायला बघत होत्या. थोरले केव्हाच गेले होते.

दारोगा तलवार उपसून आला. "तोफ गेली! सगळ्या शहराचा धातू गेला! माझा उस्ताद गेला!"

धाकटी कशीबशी उठली. दोन्ही कानांत नुसती शीळ वाजत होती, म्हणून ती गरजेपेक्षा मोठ्यानं बोलली. "ही माझी नाही! बाकीच्या सगळ्या माझ्या! बुरुजांवरच्या सगळ्या मी ओतल्यात!"

जिच्यावर नाव आहे ती माझी नाही, जिच्यावर नाही त्या माझ्या. तेवढ्या रक्तातही कोणीतरी हसलं.

"जाऊबाईंना विचारा," ती म्हणाली. "त्यांना सगळं माहितीय."

दारोगा वळला. "बाई, तुम्ही सांगा. बुरुजांवरच्या तोफा कोणी ओतल्या?"

जाऊबाईंनी वर पाहिलं. हात कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, मग मांडीवरच्या चेहऱ्याकडे. त्यांनी थोरल्यांच्या मिशीला लागलेली माती पदरानं पुसली.

"ह्यांनी," त्या म्हणाल्या. "सगळ्या ह्यांनी. ही एवढी हिची."

दारोग्यानं बाईमाणसावर तलवार चालवली नाही. भट्टीला पुन्हा हात लावलास तर तोडीन, एवढं बोलून तो निघून गेला. कारखाना थोरल्यांच्या चुलत पुतण्याकडे गेला आणि गोलंदाज पुन्हा पोटं फाटून मरायला लागले. शत्रू तटाला भिडला तेव्हा शहर वाचलं ते बुरुजांवरच्या जुन्या तोफांनी. त्यांच्यावरची नावं वाचून लोकांनी थोरल्यांचा पुतळा उभारला, टोपी उंचावलेला. ओतकामावर लिहिणारे धाकटीचं नाव एकदाच घेतात, खराब ओतकामाचा नमुना म्हणून.

पण ते पुढचं. त्या दिवशी दिवेलागणीला जाऊबाई तिच्या खोलीत आल्या. अंघोळ केलेली होती, नखांत अजून रक्त होतं. त्यांनी धाकटीचा हात मांडीवर घेतला आणि फळ्या नव्यानं बांधायला लागल्या. बांधता बांधता म्हणाल्या, "त्यांचं सगळंच गेलं गं. नाव तरी राहू दे."

धाकटीला ऐकू येत नव्हतं. तिनं ते जाऊबाईंच्या ओठांवरून वाचलं.

"आणि माझं?" तिनं विचारलं.

जाऊबाईंनी गाठ मारली, जरा जास्तच घट्ट, आणि दिवा घेऊन निघून गेल्या.